कल्याणचे विस्मृत बंदर

बंदर म्हटले म्हणजे ठाणे जिल्ह्यातील माणसाच्या डोळ्यांपुढे मुंबई उभी राहते. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात राहणाऱ्या एखाद्या गृहस्थास, ‘आपल्या घरापासून अवघ्या दोन कोसांवर परदेशी गलबते लागत असत,’ असे सांगितले तर तो बहुधा हसेल. त्याच्या लेखी कल्याण म्हणजे गाडी बदलण्याचे ठिकाण. तथापि मुंबईची सात बेटे कोळ्यांच्या वस्तीपलीकडे फारशी कोणास ठाऊक नव्हती, तेव्हा कल्याणचे नाव दूरदेशीच्या दर्यावर्दी लोकांच्या ओठी होते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या जलमार्गाची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ ह्या नावाने ती प्रसिद्ध आहे. तीत कल्याण ‘कल्लिएना’ ह्या रूपाने येते. सातवाहनांच्या अमदानीत ही राजमान्य पेठ होती. पुढे सत्तापालट झाल्यावर येथील व्यापारास अडथळा होऊ लागला, आणि येथे आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे तो सांगतो. ह्यावरून दोन गोष्टी उघड होतात. एक, ह्या बंदरावरील जकात मोलाची होती. दुसरी, तिच्यासाठी राजे झगडत होते. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांच्या नावांपुढे ‘कल्याणचा राहणारा’ असे कोरलेले आढळते, तेही ह्याच वैभवाचे साक्षीदार होत. सहाव्या शतकातील प्रवासी कॉस्मस ह्यानेही कल्याण हे मोठे व्यापारी ठिकाण असल्याचे लिहिले असून, तेथे इराणातून नेमलेला ख्रिस्ती धर्मगुरू असल्याचेही तो नमूद करतो.

हे वैभव कशामुळे आले? खंडाळ्याच्या बाजूने उतरणारी उल्हास नदी कल्याणपाशी खाडीस मिळते. भरतीच्या पाण्याबरोबर गलबत थेट आत येई, आणि समुद्रावरील वादळापासून व चाच्यांपासून सुरक्षित राही. दुसऱ्या बाजूने नाणेघाट उतरून जुन्नरकडील बैलांचे तांडे मुरबाडमार्गे येथेच पोहोचत. घाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. जवळचा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, अशी लोकांत समजूत आहे. डोंगर आणि पाणी ह्यांची जेथे गाठ पडते, तेथे बाजार भरावयाचाच.

शिलाहारांच्या काळी ह्या प्रदेशाची संपन्नता किती होती, हे पाहावयाचे असल्यास विठ्ठलवाडी स्थानकावर कर्जतकडील गाडी धरून अंबरनाथास जावे. वालधुनी नदीच्या काठचे शिवमंदिर काळ्या पाषाणाचे, पश्चिमाभिमुख असून त्यातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, हे वर्ष आहे. शिलाहार राजे छित्तराज व मुम्मुणी ह्यांची नावे ह्या वास्तूशी निगडित आहेत. बाहेरच्या भिंतींचा तसूभर भागही कोरीवकामावाचून सोडलेला नाही. आत मात्र पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावे लागते आणि वर शिखराच्या ठिकाणी उघडे आकाश दिसते. एवढे शिल्प उभे करण्यास लागणारा पैसा केवळ भाताच्या शेतीतून आला असेल, असे आम्हांस वाटत नाही. त्यात खाडीवरील व्यापाराचाही वाटा असावा.

कल्याणच्या इतिहासातील दुसरे तेजस्वी पर्व १६५७ सालचे. त्या वर्षी शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी आदिलशाहीकडून घेतली आणि खाडीचे महत्त्व ओळखून येथे जहाजे बांधण्यास आरंभ केला. ह्या कामी त्यांनी पोर्तुगीज कारागीर ठेवले होते. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने त्यांस फितवून परत नेले. आरमाराचे काम मात्र थांबले नाही. खाडीकाठच्या दुर्गाडीवर आज तटबंदीचे थोडेच अवशेष उरले आहेत. देवीचे स्थान आहे, नवरात्रात जत्रा भरते. पण बुरुजापाशी उभे राहून खाडीकडे पाहणारे थोडेच. पेशवाईत सरसुभेदार रामजी महादेव बिवलकर ह्यांच्यामुळे हे शहर कोकणच्या कारभाराचे केंद्र बनले. १७८० साली इंग्रजांनी ते घेतले.

पुढे बंदराचा ऱ्हास का झाला? खाडी गाळाने उथळ होत गेली, जहाजे मोठी होत गेली, आणि मुंबईच्या खोल पाण्याने सारा व्यापार ओढून घेतला. असे भाग्य एकट्या कल्याणच्या वाट्यास आले असे नव्हे. इंग्लंडात डी नदीवरील चेस्टर हे रोमन काळापासूनचे बंदर. तेही गाळाने भरले. १७१५ साली लिव्हरपूलने गोदी बांधली आणि व्यापार तिकडे वळला. चेस्टरच्या जुन्या बंदराच्या जागी आज घोड्यांच्या शर्यती होतात. परंतु तेथील नागरिकांनी शहराचा तट राखला आहे आणि त्यावरून फिरण्यास देशोदेशीचे प्रवासी येतात. आमच्या कल्याणचा तट कोठे होता, हे सांगणारा माणूस शोधावा लागतो.

बंदर गेले, तरी स्थानमाहात्म्य गेले नाही. १८५४ साली आगगाडी कल्याणास पोहोचली, आणि थळघाट व बोरघाट ह्यांकडे जाणारे फाटे येथूनच फुटले. जुन्या तांड्यांची वाट लोहमार्गाने घेतली, इतकेच. महायुद्धात येथे लष्करी छावणी पडली ती ह्याच सोयीमुळे. आणि फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासितांस आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते ह्या वसाहतीची कोनशिला बसली आणि नदीवरून तिचे नाव उल्हासनगर पडले. ह्या योगायोगाचा आम्हांस नेहमी विस्मय वाटतो. ह्यांतील कित्येक कुटुंबे कराचीच्या धक्क्यावरून जहाजाने मुंबईस उतरली होती. एका बंदराला मुकलेले लोक दुसऱ्या विस्मृत बंदराच्या काठी येऊन वसले, आणि त्यांचे दैवत झूलेलाल तर जलाचेच!

म्हणूनच आजची स्थिती मनास अधिक लागते. अंबरनाथच्या देवळास वळसा घालणारी वालधुनी पुढे उल्हासनगरातून वाहते, ती सांडपाण्याचा नाला बनून. तिचे पात्र भिंतींनी व भरावाने आवळले गेले आहे. २६ जुलै २००५ रोजी वालधुनी व उल्हास ह्या दोघींनी काठ सोडले आणि बदलापूरपासून कल्याणपर्यंत हजारो घरे पाण्यात गेली, तेव्हा कोठे नदीचे अस्तित्व सर्वांस आठवले. ज्या पाण्याने ह्या भूमीस दोन सहस्र वर्षे पोसले, त्याकडे पाठ फिरवून आपण कोणते शहर उभे करणार आहोत?

जुने बंदर परत येणार नाही, आणि ते यावे असा आमचा हट्टही नाही. परंतु सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन अंबरनाथचे देऊळ व दुर्गाडी पाहावी, वालधुनीच्या पुलावर क्षणभर थांबून ही नदी कोठून येते व कोठे जाते हे त्यांस सांगावे, इतके प्रत्येक घरास करता येण्याजोगे आहे. ज्या नदीचे नाव व इतिहास मुलांस ठाऊक असेल, तिच्यात घाण टाकताना त्यांचा हात एकदा तरी अडखळेल.