घरची वही : पाचोलीपासून संगणकापर्यंत

महिनाअखेरीस ‘पैसे गेले कोठे?’ हा प्रश्न जेथे कधीच उच्चारला जात नाही, असे घर विरळा. प्राप्ती बेताची असो वा मुबलक, हा प्रश्न चुकत नाही. कारण तो केवळ तुटपुंज्या मिळकतीचा नसून विस्मृतीचाही आहे. पैसा हातातून सुटला की मनातूनही सुटतो. या विस्मृतीवर माणसाने शोधून काढलेला उपाय म्हणजे वही. गेल्या चार दशकांत पुष्कळ घरांतून या वहीची जागा संगणकावरील हिशेबाच्या सॉफ्टवेअरने घेतली. हे स्थित्यंतर वरकरणी निव्वळ सोयीचे वाटते. परंतु त्याचा इतिहास पाहू गेल्यास वही लिहावी कोणी आणि ती राहावी कोणाच्या ताब्यात, हे दोन प्रश्न त्यात पदोपदी डोकावताना दिसतात.

या इतिहासाचा आरंभ संगणकाच्या फार पूर्वी होतो. 1494 साली व्हेनिस येथे लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूचा गणितावरील एक विस्तृत ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला. त्याच्या एका भागात व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची द्विनोंदी हिशेबपद्धती सांगितलेली आहे. ही पद्धती पाचोलीने शोधली नव्हती. व्यापारी ती आधीपासून वापरीत होते. त्याने तिला छापील ग्रंथाचे रूप दिले, एवढेच. टाचणवही, रोजकीर्द आणि खतावणी अशा तीन वह्या ठेवाव्यात, असे तो सांगतो. पण त्याहूनही लक्षणीय गोष्ट ही की, व्यापाऱ्याच्या घरखर्चालाही तो याच वह्यांत जागा देतो. नित्याचा घरखर्च एका खात्यात, तर असाधारण खर्च दुसऱ्या खात्यात. या दुसऱ्या खात्यात करमणुकीवर उडवलेला, खेळात हरलेला, इतकेच नव्हे तर चोरीस गेलेला वा आगीत नाहीसा झालेला पैसाही लिहावा, असा त्याचा उपदेश आहे. लाजेखातर एखादी रक्कम गाळली, तर हिशेब जुळत नाही, हे त्यामागील मर्म होय.

रोजकीर्द, खतावणी, शिल्लक, बाकी हे शब्द मराठी माणसाला परके नाहीत. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या वहीवर ‘श्री’ लिहून तिची पूजा करण्याची चाल व्यापारी पेढ्यांतून चालत आली आहे. घरच्या वहीला मात्र हा मान क्वचितच लाभला. वाणी, दूधवाला, घरभाडे आणि मुलांची फी यांची एकाखाली एक मांडणी आणि शेवटी बेरीज, एवढ्यावरच ती थांबे. झालेल्या खर्चाची ती साक्षीदार होती. होणाऱ्या खर्चाची सल्लागार नव्हती.

ही उणीव भरून काढण्याचा एक मोठा प्रयत्न जपानमध्ये झाला. तेथील आद्य स्त्री-पत्रकारांपैकी एक असलेल्या हानी मोतोको यांनी 1904 साली गृहिणींसाठी आखीव हिशेबवही प्रसिद्ध केली. जपानी भाषेत अशा वहीला ‘काकेइबो’ म्हणतात. प्रत्येक बाबीसाठी रक्कम आधी ठरवावी, रोजचा खर्च तिच्यासमोर लिहावा आणि ठरलेले व घडलेले यांतील अंतर पाहावे, ही तिची रीत. राज्यकारभारातील अंदाजपत्रकाची कल्पना अशा रीतीने स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली. खर्च लिहून ठेवणे निराळे आणि खर्चाला आधी मर्यादा घालणे निराळे, हा विवेक या वहीने असंख्य घरांना शिकविला.

संगणक घरात आला तो 1977 नंतर. 1979 साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे ‘व्हिजिकॅल्क’ हे सॉफ्टवेअर बाजारात आले. उभ्या-आडव्या चौकटींतील एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे आपोआप बदलत. घरभाडे वाढले तर शिल्लक किती उरेल, याचे उत्तर क्षणात मिळू लागले. तथापि असा तक्ता स्वतः रचणे सर्वसामान्य गृहस्थाच्या आवाक्यातले नव्हते.

ही अडचण ओळखली स्कॉट कुक यांनी. गृहोपयोगी वस्तू विकणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीत त्यांनी काही काळ काम केले होते. घरची देणी भागविण्याच्या कटकटीविषयी पत्नीने केलेली तक्रार त्यांना निमित्त ठरली. 1983 साली टॉम प्रूल्क्स या विद्यार्थ्याला हाताशी धरून त्यांनी कॅलिफोर्नियात ‘इन्ट्युइट’ ही कंपनी स्थापन केली आणि ‘क्विकन’ हे सॉफ्टवेअर तयार केले. हिशेबाची अशी सॉफ्टवेअरे तेव्हाही अनेक होती. क्विकनचे वेगळेपण असे की, त्याने पडद्यावर अमेरिकन गृहस्थाच्या ओळखीचे चेकबुकच उभे केले. हिशेबशास्त्राची परिभाषा शिकण्याचे कारणच उरले नाही.

अल्पावधीतच क्विकन अमेरिकेतील घरोघरी गेले. मायक्रोसॉफ्टने 1991 साली ‘मनी’ हे प्रतिस्पर्धी सॉफ्टवेअर आणले. पण ते क्विकनला मागे टाकू शकेना. तेव्हा ऑक्टोबर 1994 मध्ये त्या कंपनीने सुमारे दीड अब्ज डॉलरना इन्ट्युइट विकत घेण्याचा करार केला. एप्रिल 1995 मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने स्पर्धा नष्ट होईल या कारणावरून न्यायालयात दावा लावला, आणि पुढच्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने माघार घेतली. वाणसामानाच्या हिशेबावरून एवढे मोठे प्रकरण उभे राहावे, याचे नवल वाटेल. परंतु ज्याच्या हाती घराची वही, त्याच्या हाती त्या घराच्या पैशाकडे जाणारी वाट, हे दोन्ही पक्षांनी पुरते ओळखले होते.

पुढचे पाऊल ‘मिंट’ या सेवेने टाकले. ॲरन पॅट्झर यांनी 2006 साली स्थापन केलेली ही सेवा 2007 मध्ये लोकांसाठी खुली झाली. बँकेचे खाते तिला जोडले की नोंदी आपोआप उतरत आणि किराणा, प्रवास, औषधे अशा सदरांत आपोआप विभागल्याही जात. गृहस्थाने काहीच लिहावयाचे नव्हते. मूल्यही काही द्यावयाचे नव्हते. कारण सेवेचे उत्पन्न त्याला क्रेडिट कार्डे व तत्सम योजना सुचविण्यातून येई. 2009 साली इन्ट्युइटने 17 कोटी डॉलर देऊन मिंट विकत घेतले.

याच वर्षी दुसरीकडे एक निराळी घटना घडली. मायक्रोसॉफ्टने ‘मनी’ची विक्री बंद केली. जुन्या ग्राहकांना आपल्या वह्या उघडता याव्यात म्हणून 2010 मध्ये एक अखेरची विनामूल्य आवृत्ती देण्यात आली. तिला नाव मिळाले ‘सनसेट’, म्हणजे सूर्यास्त. मार्च 2024 मध्ये मिंटही बंद झाले. ग्राहकांना त्याच कंपनीच्या दुसऱ्या सेवेकडे जाण्यास सुचविण्यात आले. पण दरमहा सदरवार मर्यादा आखण्याची मिंटची सोय तेथे आरंभी नव्हती. वर्षानुवर्षे ज्यांनी घराचा जमाखर्च तेथे सोपविला होता, त्यांना आपल्याच नोंदी उतरवून घेऊन नवे बिऱ्हाड शोधणे भाग पडले. कागदाची वही वाळवीने खाल्ली तर घरधन्याला स्वतःला दोष देता येतो. येथे तेवढाही अधिकार उरला नव्हता.

या घडामोडींच्या कडेने एक शांत प्रवाह वाहत होता. 1997 साली हौशी संगणकतज्ज्ञांनी आरंभिलेले आणि पुढे ‘ग्नूकॅश’ या नावाने ओळखले गेलेले सॉफ्टवेअर कोणाही एका कंपनीच्या मालकीचे नाही. त्याची घडण सर्वांना पाहण्यास खुली आहे, वही गृहस्थाच्या स्वतःच्या संगणकात राहते, आणि जगातील अनेक भाषांबरोबर मराठी व कोंकणीतही त्याचे भाषांतर झालेले आहे. विशेष म्हणजे ते पाचोलीच्या द्विनोंदी पद्धतीवर उभे आहे.

या पद्धतीचे घरगुती मोल एका उदाहरणाने कळेल. समजा, एखाद्या घराने क्रेडिट कार्डावर 3,200 रुपयांचा किराणा आणला आणि पुढील महिन्यात बँकेतून कार्डाचे देणे फेडले. साध्या वहीत हा खर्च एक तर दोनदा लिहिला जातो किंवा मुळीच लिहिला जात नाही. द्विनोंदीत पहिल्या दिवशी किराण्याच्या खाती 3,200 खर्च आणि कार्डाच्या खाती 3,200 देणे अशी जोड पडते. पुढील महिन्यात बँकेची शिल्लक घटते, देणे फिटते. नवा खर्च होत नाही. कोणत्याही नोंदीची दुसरी बाजू सापडली नाही, तर ग्नूकॅश ती रक्कम ‘असमतोल’ अशा अर्थाच्या खात्यात टाकून देते आणि गृहस्थाला विचार करावयास लावते. त्याचप्रमाणे वर्षाकाठी 24,000 रुपयांचा विम्याचा हप्ता येणार असेल, तर दरमहा 2,000 रुपये निराळ्या खात्यात वळविता येतात. हप्त्याचा महिना मग संकटाचा राहत नाही.

हा विषय आज भारतीय घरांना पूर्वीपेक्षा निकटचा झाला आहे. 2016 साली यूपीआय ही देवघेवीची पद्धती सुरू झाल्यापासून भाजीच्या जुडीचे पैसेही दूरध्वनीवरून दिले जातात. पाकीट हलके झाल्याची जी जाणीव पूर्वी हाताला होत असे, ती आता होत नाही. प्रत्येक देण्याची नोंद कोठे ना कोठे आपोआप होते. पण नोंद झाली म्हणजे ती कोणी वाचली, असे नव्हे.

या साऱ्या इतिहासाचा मथितार्थ फार गहन नाही. यंत्र बेरीज चुकत नाही, जुन्या नोंदी क्षणात काढून देते, मर्यादा ओलांडली की बजावते. हे त्याचे उपकार मान्यच केले पाहिजेत. परंतु औषधाला अधिक द्यावे की सहलीला, मुलीच्या शिक्षणासाठी कोणती हौस मागे ठेवावी, हे ठरविणे त्याचे काम नाही. ते घरातल्या माणसांनी एकत्र बसून ठरवावयाचे असते. त्यासाठी वही घरातल्या सर्वांना उघडता आली पाहिजे, वाचता आली पाहिजे, आणि ज्याने ती छापली वा घडविली त्याचे दुकान बंद झाले तरी ती घरातच राहिली पाहिजे. आठवड्यातून एकदा, अर्धा तास का होईना, स्वतःच्या हाताने नोंदी तपासणारे घर कोणत्याही सॉफ्टवेअरवर आपला संसार नीट चालवील. आणि जे घर तेवढेही करणार नाही, त्याला ‘पैसे गेले कोठे?’ या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महागडा संगणकही देऊ शकणार नाही.