बाहीझडपेचें श्रेय कोणाचें?

मोटारीच्या यंत्रांतील बाहीझडपेचें सर्व श्रेय चार्लस येल नाइट या अमेरिकनास देण्याचा प्रघात आहे. तो आम्हांस मान्य नाहीं. (इंग्रजींत हिला ‘स्लीव्ह’, म्हणजे बाही, म्हणतात, संस्कृत प्रतिशब्द घडविण्याचा मोह आम्हीं आवरला आहे.)

नेहमींच्या झडपांच्या खडखडाटास कंटाळून नाइटनें नळकांडें व दट्ट्या यांमध्यें एकींत एक अशा दोन बाह्या बसविल्या. त्या वरखालीं सरकून त्यांचीं भोकें जुळलीं कीं वायु आंतबाहेर होई. १९०८ सालीं इंग्लंडच्या डेम्लर कंपनीनें ही रचना पत्करली. यंत्र शांत झालें खरें, पण तेल फार जळे व मागें धूर सुटे.

स्कॉटलंडचा पीटर बर्ट व कॅनडाचा जेम्स मॅकॉलम यांनीं १९०९ सालीं, परस्परांहून स्वतंत्रपणें, एकच बाही योजिली. ती वरखालीं सरकतांना किंचित् फिरतेहि; त्यामुळें तिच्यावरील प्रत्येक बिंदु लंबवर्तुळाकार मार्गानें जातो, तेल सर्वत्र पसरतें, आणि दुसरी बाही लागतच नाहीं. हा भेद गौण नव्हे. ही रचना वापरणाऱ्या आर्गाइल कंपनीवर नाइटपक्षानें दावा लावला; जय आर्गाइलचा झाला, परंतु खर्चानें ती खचली आणि १९१४ सालीं तिचें दिवाळें निघालें.

पुढें रॉय फेडन यांच्या देखरेखीखालीं ब्रिस्टल कंपनीनें १९३२ सालीं ‘पर्सियस’ व नंतर १४ नळकांड्यांचें ‘हर्क्युलीझ’ हें विमानयंत्र सिद्ध केलें. प्रारंभीं प्रत्येक बाही हातानें जुळवून बसवावी लागे. कोणतीहि बाही कोणत्याहि नळकांड्यांत बसावी, हें साधण्यांत वर्षें गेलीं. अखेर हर्क्युलीझ यंत्रें ५७,००० हून अधिक निघालीं. त्यांत प्रत्येक नळकांड्यास बाही एकच होती.