लोकलहोस्ट म्हणजे १२७.०.०.१ नव्हे!

कॉलेजच्या फायनल डेमोची आदली रात्र. माझं लॅरावेल डेटाबेसशी बोलेना. एरर २००२, ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. पासवर्ड तीनदा तपासला, पोर्ट बदलून पाहिला. विंडोजवाल्या मित्राकडे तोच कोड मस्त चालत होता. शेवटी कुणीतरी म्हणालं, होस्टमध्ये ‘लोकलहोस्ट’ काढ, १२७.०.०.१ टाक. टाकलं, चाललं! पण का, ते कुणालाच सांगता येईना. आणि मी सर्व्हर शोधतोय, तर ही बया फाइल कसली मागतेय?

त्यासाठी १९८३ मध्ये जावं लागतं. बर्कलीच्या ४.२ बीएसडी युनिक्समध्ये सॉकेट आले, दोन मुख्य प्रकारचे. एक नेटवर्कसाठी, आयपी आणि पोर्टवाला. दुसरा एकाच मशीनवरच्या दोन प्रोग्रॅमसाठी, आणि याचा पत्ता म्हणजे चक्क एका फाइलचा पाथ. टीसीपीचा व्याप नाही, त्यामुळे काम झटपट.

१९९५ मध्ये स्वीडनमध्ये मायएसक्यूएल आलं. त्याच्या क्लायंटने युनिक्सवर ठरवून टाकलं : होस्ट ‘लोकलहोस्ट’ असेल तर टीसीपी नको, सॉकेट फाइल वापरायची. पोर्ट दिला तरी तो बघायचाच नाही! म्हणजे त्या रात्री मी ३३०६ चं ३३०७ करत बसलो, ते सगळं फुकट. विंडोजवर हा नियम नाही, म्हणून मित्र निवांत. वेबसाइट आणि डेटाबेस एकाच मशीनवर असायचे तेव्हा हा शॉर्टकट शहाणपणाचाच होता. पण शब्दाचा अर्थ गुपचूप बदलणं मला आजही पटत नाही. पोस्टग्रेस बघा, तिथे होस्ट रिकामा ठेवला तर सॉकेट, ‘लोकलहोस्ट’ लिहिलं तर सरळ टीसीपी.

बरं, ती फाइल असते कुठे? मायएसक्यूएलचा मूळ पाथ /टीएमपी मध्ये, डेबियनवर /व्हार/रन मध्ये, मॅम्पचा आणखी तिसराच. पीएचपी एका ठिकाणी शोधणार, सर्व्हरने ठेवली दुसरीकडे. झाला घोळ. अर्थात सर्व्हर बंद असेल तरी फाइल नसतेच, तेव्हा आधी ते बघा.

२०१३ मध्ये डॉकर आलं आणि आमचा रामबाण उपायही गेला. प्रत्येक कंटेनरचं नेटवर्क वेगळं, त्यामुळे ॲपच्या कंटेनरमध्ये १२७.०.०.१ म्हणजे तो कंटेनर स्वतःच. नंबर तोच २००२, पण मेसेज ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. तिथे होस्ट म्हणून कंपोज फाइलमधलं डेटाबेस सर्व्हिसचं नाव लिहायचं. नंबरवर जाऊ नका, पुढचं वाक्य वाचा.