परवान्यावरची सुटका : एक आयरिश प्रयोग

ब्रिटन व आयर्लंडमधील गुन्हेगारांना जहाजांत भरून ऑस्ट्रेलियाकडे रवाना करण्याची वाट १८५३ च्या सुमारास जवळजवळ बंद झाली. टास्मानियाने कैदी घेणे थांबविले. आजवर ज्यांना नजरेआड करता येत होते, ती माणसे आता शिक्षा भोगून आपल्याच गल्लीत परतणार होती. त्यांच्यापासून समाजाचे रक्षण कसे करावयाचे?

१८५४ मध्ये वॉल्टर क्रॉफ्टन आयरिश तुरुंगांच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष झाले. नॉरफोक बेटावर मॅकनॉकी यांनी १८४० पासून चालविलेल्या गुणपद्धतीचा धागा त्यांनी उचलला. कैद्याला आरंभी डब्लिनच्या माउंटजॉय तुरुंगात एकांतवास. नंतर स्पाइक बेटासारख्या ठिकाणी सामुदायिक श्रम. तेथे वर्तन, काम व अभ्यास यांबद्दल गुण मिळत. पुरेसे गुण साठले की लस्कच्या माळावरील शेतीच्या छावणीत रवानगी होई. तेथे उंच तट नव्हता आणि मोजक्या पहारेकऱ्यांजवळ शस्त्रेही नव्हती. पळणे सोपे असूनही जो पळाला नाही, त्याला सशर्त सुटकेचा परवाना देण्यास आधार मिळे.

परंतु माझ्या मते या व्यवस्थेचा कणा तुरुंगाबाहेर होता. जेम्स ऑर्गन हे कैद्यांना शिकविणारे अध्यापक. (शाळेच्या व्यासपीठावरून हे सांगताना थोडा अभिमान वाटला, तर श्रोत्यांनी तो क्षम्य मानावा.) डब्लिनमध्ये सुटलेल्यांवर देखरेख ठेवण्याचे कामही त्यांच्याकडे होते. मालकांच्या दारी जाऊन ते या माणसांसाठी काम मागत आणि पुढेही नेमाने विचारपूस करीत. ग्रामीण भागात ही जबाबदारी पोलिसांवर असे. अटी मोडल्यास परवाना रद्द होऊन उरलेली शिक्षा भोगावी लागे. सुटलेल्यांपैकी पुष्कळजण देशांतरास गेले, म्हणून यशाचे आकडे फुगले, असा आक्षेप टीकाकारांनी घेतला; तो अगदीच निराधार नव्हता.

इंग्लंडनेही परवाने दिले, पण देखरेख नाममात्रच. १८६२ मध्ये लंडनच्या रस्त्यांवर गळा आवळून लुटण्याचे प्रकार घडले, तेव्हा सारा रोष परवानाधारकांवर कोसळला. १८६४ च्या कायद्याने त्यांना दरमहा पोलिसांकडे हजेरी सक्तीची केली. कामधंद्याची सोय मात्र बव्हंशी मदतसंस्थांवर सोडली.

आपल्याकडे पॅरोल हा शब्द वेगळ्या अर्थाने रुळला आहे. महाराष्ट्राच्या नियमांत त्याला 'अभिवचन रजा' म्हणतात. आजारपण, मृत्यू अशा कारणांसाठी ती मिळते आणि मुदत संपताच कैद्याला तुरुंगात परतावे लागते. तुरुंग हा राज्यांचा विषय असल्याने हे नियमही राज्यागणिक बदलतात.