पोलिसांच्या कमरेला कोणतं हत्यार?

देवनहळ्ळीहून आज बोलतोय पोलीस अधिकाऱ्याच्या कमरेला असलेल्या हत्याराबद्दल. ते कोणी ठरवलं आणि कशावरून?

आधी न्यूयॉर्कला जाऊ. १८९५ साली थिओडोर रूझवेल्ट तिथल्या पोलीस मंडळाचे अध्यक्ष झाले. तेव्हा शिपायांकडे नाना बनावटीची रिव्हॉल्व्हर होती. रूझवेल्ट यांनी सगळ्यांसाठी .३२ बोअरचं कोल्ट ठरवलं आणि त्याच सुमारास नेमबाजीची शाळाही काढली. हत्यार आणि सराव यांचा विचार एकत्र झाला, हे लक्षात ठेवा.

आपल्याकडची वाट निराळी. लष्कराचं हत्यार, तेच पोलिसांचं. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश लष्कराला .४५५ बोअरचं वेब्ली जड वाटू लागलं. थोडक्या दिवसांत तयार केलेल्या सैनिकाला त्याचा धक्का आवरत नसे. म्हणून १९३२ मध्ये .३८ बोअरचं एनफिल्ड स्वीकारलं गेलं. ते आणि .३८चं वेब्ली आपल्या पोलिसांकडे आलं आणि स्वातंत्र्यानंतरही अनेक दशकं टिकलं. पुढे ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत ९ मिमी पिस्तूल बनू लागलं. रचना ब्राउनिंगची, नमुना कॅनडातल्या इंग्लिस कंपनीचा. ६ गोळ्यांच्या जागी १३ आल्या. पण हेही मुळात लष्करी पिस्तूलच.

मी लष्करात होतो म्हणून फरक सांगतो. सैनिकाचं खरं हत्यार रायफल. पिस्तूल हा शेवटचा आधार. पोलीस अधिकाऱ्याला बहुतेक वेळा पिस्तुलावरच भागवावं लागतं, तेही भर बाजारात. त्याची चुकलेली गोळी मातीच्या बांधात जात नाही, ती भाजी घ्यायला आलेल्या माणसाला लागू शकते. म्हणून त्याला सराव जास्त हवा.

आता २६ नोव्हेंबर २००८ची रात्र आठवा. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त काठी होती. त्यांनी कसाबच्या एके-४७ची नळी धरून ठेवली आणि गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. १० हल्लेखोरांपैकी तो एकटाच जिवंत सापडला. पुढे राज्य सरकारने राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. शस्त्रांच्या त्रुटींबरोबरच सरावासाठी दारूगोळा पुरत नसल्याकडेही तिने बोट दाखवलं. त्यानंतर फोर्स वन उभं राहिलं, नवी शस्त्रंही आली.

मंडळी, नव्या पिस्तुलांच्या खरेदीची बातमी आली की आपण त्यांचं नाव आणि किंमत वाचतो. त्याबरोबर आणखी एक विचारत चला: प्रत्येक पोलिसाला वर्षाला सरावासाठी गोळ्या किती? पिस्तूल एकदाच विकत घ्यायचं असतं, गोळ्यांची तरतूद मात्र दरवर्षी करावी लागते, आणि काटकसरीची कात्री आधी तिथेच लागते. ओंबळे यांच्या धैर्याला आपण सलाम करतोच. पण पुढच्या ओंबळेंना निव्वळ धैर्यावर लढावं लागू नये, एवढी सोय करणं सरकारचं काम आहे.

जय हिंद.