रेडॉन वायू आणि फुप्फुसाचा कर्करोग

"आमच्या घरात कुणी सिगारेट ओढत नाही, मग फुप्फुसाचा कर्करोग कसा झाला?" नातेवाईक हा प्रश्न नेहमी विचारतात. दर वेळी उत्तर सापडतेच असे नाही. पण एक कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे रेडॉन.

रेडॉन हा रंग, वास, चव नसलेला किरणोत्सर्गी वायू आहे. खडकातील युरेनियमपासून रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन तयार होतो. अखंड खडकात तो बराचसा खनिजाच्या कणांतच अडकून राहतो. खडकावर ताण येऊन बारीक भेगा पडल्या की त्याला वाट मिळते. १९९५ च्या कोबे भूकंपाआधी तेथील भूजलात रेडॉन वाढल्याची नोंद आहे. (त्यावरून भूकंपाचे भाकीत मात्र करता येत नाही.)

मोकळ्या हवेत हा वायू विरून जातो. बंद तळघरात साठतो. श्वासातून आत गेलेला रेडॉन बहुतेक परत बाहेर पडतो. खरे नुकसान त्यापासून बनणारे पोलोनियमचे कण करतात. ते श्वासनलिकांच्या अस्तराला चिकटतात आणि त्यांच्या अल्फा किरणांमुळे पेशींतील डीएनएला इजा होते. धूम्रपान करणाऱ्यांना हा धोका कितीतरी पटींनी जास्त असतो.

याची लक्षणे नसतात. खोकला किंवा डोकेदुखीवरून रेडॉन ओळखता येत नाही, त्यासाठी रक्ततपासणीही उपयोगाची नाही. मोजायची असते ती घरातली हवा. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली पातळी दर घनमीटरला १०० बेकरेल आहे.

महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसॉल्टचा आहे. त्यात युरेनियम कमी असते आणि आपल्या खिडक्याही बहुधा उघड्या असतात. त्यामुळे इथे धास्ती घेण्याचे कारण नाही. मुले अमेरिकेत तळघराच्या घरात राहत असतील, तर मात्र त्यांना तपासणी केली का, हे जरूर विचारा. तपासणीचे किट स्वस्त असते आणि राहत्या सर्वांत खालच्या मजल्यावर ठेवतात. पातळी जास्त निघाली तर फक्त भेगा बुजवून भागत नाही. फरशीखालून पाइप काढून पंख्याने वायू छपराबाहेर सोडावा लागतो.

तीन आठवड्यांहून जास्त खोकला असेल किंवा थुंकीतून रक्त पडत असेल, तर कारण काहीही असो, डॉक्टरांना दाखवा.