दात दुखेपर्यंत थांबायचं का? मुलांच्या आणि मोठ्यांच्या दातांची काळजी, उपचार आणि उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरकरांसाठी पर्याय

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरमधल्या असंख्य घरांचा दिवस लोकलच्या वेळेवर चालतो. सकाळी घाईत का होईना, ब्रश होतो. रात्री उशिरा घरी परतल्यावर मात्र तो राहून जातो. खरं तर रात्रीचा ब्रश जास्त महत्त्वाचा आहे. झोपेत लाळ कमी सुटते आणि दातांना चिकटलेलं अन्न तसंच राहतं.

दात किडतो कसा?

तोंडातले जीवाणू साखर आणि पिठूळ पदार्थांपासून आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दातावरचं कठीण आवरण, म्हणजे इनॅमल, झिजतं. इनॅमलमध्ये नसा नसतात, त्यामुळे सुरुवातीला काहीच दुखत नाही. कीड आतल्या थरात गेली की गार किंवा गोड खाताना दात शिवशिवतात. नसेपर्यंत पोहोचली की झोप उडवणारा ठणका लागतो. म्हणूनच दुखत नसताना केलेली तपासणी स्वस्त पडते. पहिल्या टप्प्यात सिमेंट भरून भागतं, शेवटच्या टप्प्यात रूट कॅनाल करावं लागतं किंवा दात काढावा लागतो.

मुलांचे दात: 'पडणारच आहेत' हा गैरसमज

दुधाचे दात 20 असतात. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो. दुधाच्या दाढा मात्र 10 ते 12 वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. त्या लवकर काढाव्या लागल्या तर बाजूचे दात मोकळ्या जागेत झुकतात आणि कायमचे दात वाकडे येऊ शकतात.

सहाव्या वर्षाच्या सुमारास, कोणताही दात न पडता, सगळ्यात मागे एक नवी दाढ येते. ही कायमची दाढ असते. बरेच पालक तिला दुधाची समजतात आणि ती किडली तरी दुर्लक्ष करतात. ती गेली की दुसरी येत नाही.

- पहिला दात दिसताच ब्रश सुरू करावा. 3 वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, 3 ते 6 वर्षांत वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते.
- दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवू नये.
- साधारण 7-8 वर्षांपर्यंत आई-बाबांनी स्वतः ब्रश करून द्यावा किंवा जवळ उभं राहावं.
- पहिली तपासणी पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हावी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या आणि सरकारी व अनुदानित शाळांतल्या मुलांची तपासणी होते. त्यात दातांच्या तक्रारीही येतात. या कार्यक्रमाची सुरुवात 2013 मध्ये पालघरहून झाली, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. शाळेतून चिठ्ठी आली तर ती दप्तरात पडून राहू देऊ नये.

नेहमीचे उपचार

- फिलिंग: कीड काढून खड्डा भरतात. बहुतेक वेळा एका भेटीत होतं.
- रूट कॅनाल: आतली खराब झालेली नस काढून पोकळी स्वच्छ करून भरतात. दाढ असेल तर वर कॅप बसवणं गरजेचं ठरतं, नाहीतर ती तुटू शकते. दुधाच्या दाढांवरही असाच उपचार होतो.
- स्केलिंग: दगडासारखा कडक झालेला थर काढतात. यामुळे दात सैल होत नाहीत. आधीच सैल झालेले दात त्या थराने धरलेले असतात, ते फक्त लक्षात येतात.
- दात काढणे: वरचा दात काढल्याने दृष्टी जात नाही.
- कवळी, ब्रिज, इम्प्लांट: गेलेल्या दाताच्या जागी. मधुमेह असेल तर आधी साखर आटोक्यात आणावी लागते.

मशेरी आणि गुटखा

मशेरीने दात साफ होतात ही समजूत अजून अनेक घरांत आहे. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरायला 1992 पासून बंदी आहे. महाराष्ट्रात गुटखाबंदी 2012 मध्ये आली. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर लगेच तपासून घ्यावं.

हे थांबण्यासारखं नाही

- पडून कायमचा दात निखळला: मुळाला हात न लावता वरच्या बाजूने धरावा, मळला असेल तर हलकेच धुवावा, शक्य असल्यास जागेवर बसवावा. नाहीतर दुधात ठेवून तासाभराच्या आत डॉक्टर गाठावा. दुधाचा दात परत बसवत नाहीत.
- गालाला सूज, सोबत ताप, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास: थेट रुग्णालयात जावं.
- दुखऱ्या हिरडीवर वेदनाशामक गोळी ठेवू नये, तिथली त्वचा भाजते.

कुठे जायचं?

दवाखाना निवडताना डॉक्टरांची पदवी (बीडीएस किंवा एमडीएस) आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची नोंदणी पाहावी. खर्च परवडत नसेल तर मुंबईत दोन जुने पर्याय आहेत. शासकीय दंत महाविद्यालय सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात, सीएसएमटी स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला आहे, त्यासाठी दादरला गाडी बदलावी लागते. तिथे शिकणारे डॉक्टर अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो, पण फेऱ्या जास्त होतात. सकाळी लवकर पोहोचणं आणि जुने कागद सोबत ठेवणं सोयीचं.

रात्रीची दोन मिनिटं आणि वर्षातून एक-दोन तपासण्या झाल्या, तर यातल्या बऱ्याच फेऱ्या वाचतात.